पहिल्यापासून सुरू करणारा जावई

आमचा जावई वादिराज उडुप वाईट माणूस नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तुमचा गैरसमज व्हायचा. व्यसन नाही, आवाज चढवत नाही. मणिपालच्या एका कचेरीत बसून इंटरनेटवरची पानं बनवतो आणि लेकीला सुखात ठेवतो. खोड म्हणाल तर एकच. मध्येच कोणी टोकलं की हा बाबा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

मुलगी बघायला आला तेव्हाच मला कळायला हवं होतं. "माझं नाव वादिराज, गाव कोटा," अशी सुरुवात करून शिक्षणापर्यंत आला, तेवढ्यात मी गोळीबज्यांची, म्हणजे गोल भज्यांची, ताटली पुढं केली. एक बजा खाल्ला, पाणी प्यायला, घसा खाकरला आणि म्हणाला, "माझं नाव वादिराज, गाव कोटा." मग शेजारच्या काकू डोकावून गेल्या. पुन्हा नाव, पुन्हा गाव. नमनालाच घडाभर तेल! नोकरीपर्यंत पोचेतो बजे संपले होते. आतल्या खोलीत माझी लेक मेदिनी तोंडावर हात दाबून हसत होती. एवढं हसवणारा नवरा पुन्हा मिळायचा नाही म्हणाली आणि होकार देऊन बसली.

त्याचाही दोष नाही म्हणा. वडील पौरोहित्य करणारे, भारी कडक. लहानपणी मंत्र म्हणताना जीभ अडखळली की मांडीवर चापट बसायची आणि हुकूम यायचा, पहिल्यापासून. शिंक आली, पहिल्यापासून. ठसका लागला, पहिल्यापासून. ते पोराच्या हाडीमाशी मुरलं. आता अंघोळ करताना कोणी हाक मारली तर हा साबण धुऊन टाकतो आणि पहिला तांब्या नव्यानं घेतो. मेदिनी सांगत होती, सकाळी त्याचे सगळे कपडे घालून होईपर्यंत ती तोंड उघडत नाही, नाहीतर कचेरी गाठायला दुपार होते.

आता आमच्या ह्यांचं सांगते, कारण गोष्ट सगळी त्यांच्यावरनं घडली. अनंतपद्म हेब्बार. ब्रह्मावरपासून उडुपीपर्यंत सगळे त्यांना मास्तर म्हणतात. शाळेत गणित शिकवलं, पण जीव ताळमद्दळेत. रंग नाही, मुकुट नाही, नाच नाही. मद्दळे नावाचा मृदंग वाजवणारा आणि गाणारा मध्ये, आणि समोरासमोर बसलेल्या दोन माणसांनी राजा-राक्षस होऊन नुसत्या जिभेनं लढायचं. ह्यांची जीभ म्हणजे काय सांगू. त्यांच्या यक्षकला संघातले कोरगप्प शेट्टी कायम राक्षस आणि हे त्यांच्यासमोर राजा. दोघे असे भांडायचे की बैठक संपली तरी भांडण आमच्या ओट्यावर येऊन चालू राहायचं, आणि मी दोघांना कषाय, म्हणजे धन्याजिऱ्याचा काढा, देऊन गप्प करायची.

काही वर्षांपूर्वी काचबिंदूनं ह्यांचे डोळे गेले. पहिले काही महिने वाईट गेले, ते मी सांगत बसत नाही. मग माणूस सावरला. संगणकात एक बोलणारं यंत्र बसवून घेतलं, ते पडद्यावरचं सगळं कन्नडमध्ये वाचून दाखवतं. माऊसचा काही उपयोग नाही, कारण बाण कुठं आहे ते दिसायला हवं ना! हे नुसत्या कळा दाबून चालतात. मला समजलं ते असं की पानावर एका वेळी एकच वस्तू जागी असते, बाकीच्या झोपलेल्या. ट्याबची कळ दाबली की पुढची जागी होते आणि यंत्र तिचं नाव सांगतं. एंटर दाबलं की ती उघडते. त्या जागेपणाला वादिराज फोकस म्हणतो. हे सकाळी पेपर वाचतात, मुलीला पत्र धाडतात, आणि चुकीच्या गणितांवर संपादकाला खरमरीत लिहितात.

डोळे गेले त्याचं दुःख ह्यांनी गिळलं. पण दुसरंच एक दुःख होतं, ते घशात अडकून बसलं. सगळे ह्यांच्याशी मऊ बोलायला लागले. संघानं राजाची भूमिका काढून ह्यांना ऋषी केलं. ऋषीला काम काय, शेवटी यायचं, आशीर्वाद द्यायचा. त्याला कोणी उलटा प्रश्न विचारत नाही, आणि टाळ्या मात्र सगळ्यात जास्त. कोरगप्प शेट्टी, जो माणूस ह्यांना भर बैठकीत मूर्ख राजा म्हणायचा, तो आता कोपराला धरून "सावकाश मास्तर, पायरी आहे" म्हणायला लागला. आणि मी तरी काय वेगळं केलं? लग्न झाल्यापासून हे ओला पंचा पलंगावर टाकतात आणि लग्न झाल्यापासून मी त्यावरनं ओरडत आले. डोळे गेले आणि मी मुकाट्यानं पंचा उचलायला लागले. ऋषी करून घरी आले की हे न जेवता झोपायचे.

यंदा आटीच्या, म्हणजे आषाढाच्या, महिन्यात संघानं नवीन आख्यान बसवायचं ठरवलं. भूमिकांवरून दरवर्षी मारामारी व्हायची, म्हणून ह्या वेळी असं ठरलं की इंटरनेटवर एक पान करायचं, त्यात भूमिका मांडायच्या, एका रविवारी सकाळी ते उघडायचं आणि ज्यानं आधी नाव घातलं त्याची भूमिका. हे ऐकलं आणि ह्यांचा चेहराच बदलला. ज्याला त्याला बजावून ठेवलं, "माझी भूमिका मी घेणार. माझ्या बोटांनी. कोणी माझ्या खुर्चीजवळ फिरकायचं नाही."

पान करायचं काम अर्थातच जावयाकडे आलं. आता आमच्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या आटीत मुलगी माहेरी येते आणि नव्या जावयानं तो महिनाभर सासरी तोंड दाखवायचं नसतं. वादिराज हे ऐकून इतका हिरमुसला होता की मलाच वाईट वाटलं. पण पानाचं काम निघालं आणि बाबा रोज संध्याकाळी लॅपटॉप घेऊन दारात. रीत मोडते हो, म्हणाले मी. तर म्हणतो, "अत्ते, मी जावई म्हणून नाही, संघाचं काम म्हणून आलोय." आणि नजर सगळी स्वयंपाकघराकडे.

पान तयार झालं आणि ह्यांनी तपासायला घेतलं. एकाखाली एक भूमिका. एकीवर एंटर दाबलं की छोटी खिडकी उघडते, तिच्यात भूमिका केवढी, पदं किती, ते लिहिलेलं. आवडली तर तिथल्या "ही माझी"वर एंटर दाबायचं, नाहीतर खिडकी बंद करायची. ह्यांनी राजा उघडला, ऐकला, बंद केला. लगेच यंत्र ठणाणा बोलायला लागलं, "यक्षकला संघ, आपले स्वागत आहे. अध्यक्षांचा संदेश." म्हणजे तो फोकस, मी त्याला आपलं बोट म्हणते, ते बोट पार पानाच्या डोक्यावर जाऊन बसलं. हे ट्याब दाबत दाबत पुन्हा खाली उतरले. संदेश, देणगी, मागच्या वर्षीचे फोटो, दूत, मंत्री, राजा, राक्षस. राक्षस उघडला, बंद केला. "यक्षकला संघ, आपले स्वागत आहे." पुन्हा उतरले, पुन्हा वर फेकले गेले. पहिले पाढे पंचावन्न. शेवटी ह्यांनी कळफलक दूर सारला.

"वादिराजा," हे म्हणाले, "हे पान तू बनवलंस हे सांगायची गरज नाही. हे तूच आहेस."

वादिराजाला आधी कळेचना. त्यानं माऊसनं करून पाहिलं, सगळं ठीक चाललं, कारण डोळ्यांना काय, खिडकी बंद झाली की राजा समोर दिसतोच. मग म्हणाला, मामा, व्यत्यय आल्यावर पहिल्यापासून सुरू करणं हेच शिस्तीचं, मध्येच सुरू केलं तर अर्धवट नाही का वाटणार. अगदी मनापासून म्हणत होता हो. मेदिनीनं कपाळाला हात लावला.

तेव्हा ह्यांनी त्याला समोर बसवलं. ताळमद्दळेत, ते म्हणाले, समोरचा मध्येच तोडतो, तोडणं हेच त्याचं काम. तू त्याला उत्तर द्यायचंस आणि ज्या शब्दावर तुटलं होतं त्याच शब्दावर परत यायचं. परत सुरुवातीला गेलास तर लोक चहा प्यायला उठतात. "सभा तू सोडलेल्या जागीच बसलेली असते रे. तिला तिथंच येऊन भेटायचं." वादिराज मान डोलावत होता. मध्येच मी विचारलं जेवायला थांबणार का, तर ह्यांना म्हणाला, मामा, ते ताळमद्दळेत समोरचा तोडतो, तिथपासून परत सांगा. जित्याची खोड!

पण दुसऱ्या दिवशी पान बदललेलं होतं. राजाची खिडकी बंद केली की यंत्र म्हणे "राजा". राक्षसाची बंद केली की "राक्षस". ह्यांनी जावयाच्या पाठीत प्रेमानं एक गुद्दा घातला.

आणि तिसऱ्या दिवशी कोरगप्प शेट्टी स्कूटर घेऊन आमच्या अंगणात. ह्यांना आधी अगदी मऊपणे, "कसे आहात मास्तर, बसा, बसा, उठू नका," आणि मग जावयाकडे वळून जो आवाज लावला तो पार हमरस्त्यापर्यंत गेला असेल. झालं होतं असं. शेट्टींनाही पान तपासायला धाडलं होतं. त्यांना दिसतं, ते माऊसवाले. त्यांनी खिडकी उघडली, आतलं वाचायला चाक फिरवलं, तर खिडकी जागच्या जागी आणि तिच्या मागचं पान सुळकन खाली देणगीपर्यंत पळालं. बंद केली तर वादिराजाचं ते नवीन शहाणपण जागं झालं, बोट परत भूमिकेवर न्यायचं म्हणून अख्खं पान हिसका देऊन वर उडालं. आणि वर संघाची जी पट्टी कायम चिकटलेली असते, तिच्याखाली नेमकी ती भूमिका जाऊन लपली. शेट्टी दचकले आणि चहा लुंगीवर सांडला. "हे पान आहे का शर्यतीचा रेडा?" शेट्टी गरजले. "मी जिथं बघतो तिथून हे पळतं! कोणी सांगितलं होतं ह्याला हलायला? अक्कल मणिपालला विसरून येतोस काय?"

वादिराज मान खाली घालून उभा. मी मात्र ह्यांच्याकडे बघत होते. हे खुर्चीत पुढं वाकून, मान कलती करून ऐकत होते, गाणं ऐकावं तसे. शेट्टी गेल्यावर हळूच म्हणाले, "अजून काय आवाज आहे बघ ह्याचा." तेव्हा मला ते नीटसं समजलं नाही.

जावयानं मग दुसरं टोक गाठलं. पानाला सक्त ताकीद दिली, काही झालं तरी हलायचं नाही. शेट्टी खूश. पण मेदिनीच्या माऊसमध्ये मुंग्या शिरल्या होत्या, म्हणून ती कळांनी चालायला गेली. ती ट्याब दाबत खाली चाललीय, बोट खालच्या भूमिकांवर पोचलंय, आणि पडदा मात्र आपला अध्यक्षांच्या मिशांवर ठाम. आपण कुठं आहोत तेच तिला दिसेना. वैतागून दोनदा एंटर हाणला आणि माझी नाजूक पोर संघाच्या पानावर राक्षस म्हणून नोंदली गेली. ते पुसलं, तरी चिडलेल्या शेट्टींच्या हातापाया पडावं लागलं.

"मुद्दाम बिघडवतोस ना?" मेदिनी त्याला म्हणाली. "रोज यायला मिळावं म्हणून." वादिराज लाजला, पण खरं खोटं देव जाणे.

त्या संध्याकाळी तो ओट्यावर बसून स्वतःशी पुटपुटत होता. जे समोर दिसतंच आहे तिथं परतायचं तर पान हलवायचं कशाला, नुसतं बोट न्यायचं. जे नजरेच्या बाहेर आहे तिथं जायचं तर हलायलाच हवं, पण लागेल तेवढंच, आणि वरच्या पट्टीखाली डोकं जाणार नाही एवढी जागा सोडून. खिडकी उघडी असेल तोवर मागच्या पानानं झोपून राहायचं, चाक फिरवलं तरी आणि ट्याब दाबलं तरी. मी फणसाचे पापड घेऊन गेले. मनात म्हटलं, झालं, आता "जे समोर दिसतंच आहे" इथून पुन्हा ऐका. पण त्यानं एक बोट पडद्यावर तसंच ठेवलं, दुसऱ्या हातानं पापड खाल्ला, आणि "मागच्या पानानं झोपून राहायचं" इथूनच पुढं चालू लागला. मी आत येऊन मेदिनीला सांगितलं, आज सूर्य कुठून उगवला होता गं.

रविवार उजाडला. जावई शनिवारीच राहिला होता, रीतबीत केव्हाच गेली होती. ह्यांनी पूजा उरकली, खुर्चीत ताठ बसले आणि आम्हा सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. आम्ही तिघं स्वयंपाकघरात, कान तिकडे. नीरदोसे घालायचे म्हणून तवा ठेवला होता, तो मी गॅसवरनं उतरवला, आवाज नको म्हणून.

पान उघडलं. यंत्राचा आवाज आला. "दूत, भरली. मंत्री, भरली. राजा, रिकामी. राक्षस, रिकामी. ऋषी, रिकामी." कळांची टकटक थांबली. मला हायसं वाटलं, राजा आहे. पण ह्यांची बोटं हलेनात. थोड्या वेळानं पुन्हा मागे जाऊन ऐकलं. "राजा, रिकामी." सगळ्या संघाचा डोळा राजावर असतो, आणि पान उघडून एवढा वेळ झाला तरी त्याला कोणी शिवलं नव्हतं. आजाऱ्यासाठी ताट झाकून ठेवावं तसा तो राजा ठेवलेला होता. ह्यांना ते कळलं आणि इकडे स्वयंपाकघरात मलाही कळलं. मेदिनीनं माझा हात धरला.

ह्यांनी राजाची खिडकी उघडली. नेमका तेव्हा फोन वाजला. शेट्टींचाच. ह्यांचा फोन मोठ्यानं बोलतो, त्यामुळे आम्हालाही ऐकू आलं.

"मास्तर, काही घाई नाही बरं का. सावकाश करा. राजा तुमच्यासाठीच ठेवलाय, मी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

"फार उपकार, शेट्रे," हे म्हणाले. "आणि तुमचा राक्षस?"

"त्याला कोण हात लावतो? माझं काय, दुपारी घालीन नाव."

फोन बंद झाला. वादिराजाचं कपाळ घामानं भरलं होतं. खिडकी उघडी राहिली होती, मध्ये फोन आला होता, बोट आता कुठं असेल कोण जाणे. पुन्हा अध्यक्षांचं स्वागत ऐकू आलं तर हे कळफलक अंगणात फेकणार, हे आम्ही तिघंही जाणून होतो. आत एक कळ वाजली, खिडकी बंद झाली. यंत्र म्हणालं, "राजा." अगदी सोडला होता तिथं. वादिराजानं डोळे मिटून श्वास सोडला. मग एकच ट्याब वाजला. "राक्षस, रिकामी." एंटर. आणि पुन्हा एंटर.

"राक्षस," यंत्र म्हणालं, "अनंतपद्म हेब्बार."

मेदिनी किंचाळायचीच बाकी होती. तेवढ्यात मोकळा झालेला राजा कोणीतरी उचललासुद्धा. राहिला फक्त ऋषी. मी तवा पुन्हा गॅसवर ठेवला, कारण शेट्टी येणार आणि त्यांना नाश्ता लागणार हे ठरलेलंच होतं. वादिराज सगळा घाम धुवायला अंघोळीला गेला.

शेट्टी आले. स्कूटर स्टँडवर लावली नाही, तशीच तुळशीला टेकवली. चपला काढल्या नाहीत. अंगणात उभे राहून जे सुटले ते काय सांगू. चोर म्हणाले, दगाबाज म्हणाले. "आंधळा म्हणून दया केली, तर घरात शिरून भूमिका पळवतो! आयुष्यभर मी राक्षस, आणि मला ऋषी? मी आशीर्वाद देऊ? माझं तोंड आशीर्वादाचं आहे?" आंधळा हा शब्द ह्या घरात आजवर कोणी उच्चारला नव्हता. माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं.

आणि हे हसायला लागले. खुर्चीत मागे रेलून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईतो.

"शेट्रे, थांबू नका," हे म्हणाले. "डोळे गेल्यापासून माझ्यावर कोणी ओरडलंच नाही हो. एवढी वर्षं मेल्यासारखा बसलोय."

शेट्टींचं तोंड उघडं ते उघडंच. मी आपली कषायाची वाटी घेऊन पुढं झाले. त्यांनी ती घेतली, उभ्या उभ्या प्यायले, वाटी परत दिली, लुंगीला हात पुसले.

"कुठं होतो मी?" शेट्टी म्हणाले.

"माझं तोंड आशीर्वादाचं आहे, इथं," हे म्हणाले.

"माझं तोंड आशीर्वादाचं आहे?" शेट्टी कडाडले, त्याच पट्टीत, त्याच शब्दावर, आणि पुढं चालू झाले. ह्यांनीही आता बाह्या सरसावल्या आणि उलट उत्तर दिलं. शेजारचे कुंपणाशी जमले.

गलका ऐकून वादिराज न्हाणीघरातून बाहेर आला, डोक्याला साबण, कमरेला पंचा. "शेट्रे," म्हणाला, "मी आत होतो. जरा पहिल्यापासून सांगाल?" मग आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला हाकललं. तो आत गेला, मी कान देऊन ऐकलं, तर त्यानं साबण धुऊन टाकला आणि पहिला तांब्या नव्यानं घेतला. पान सुधारलं. आमचा जावई काही सुधारायचा नाही, आणि खरं सांगायचं तर सुधारावा असं आता मलाही वाटत नाही.

भांडण ऐन रंगात आलं होतं. मी शेट्टींसाठी पाट घ्यायला म्हणून आतल्या खोलीत गेले. पलंगावर ओला पंचा पडला होता. उचलायला वाकले, हात पुढं केला, आणि तसाच मागं घेतला. दारात येऊन उभी राहिले, कमरेवर हात ठेवले.

"अहो," मी ओरडले, "हा पंचा कोण उचलणार, तुमचा बाप?"

ह्यांनी शेट्टींना हातानं थांबवलं, मान माझ्याकडे वळवली आणि लहान मुलासारखे हसत म्हणाले, "आलो, आलो." आणि एका हातानं भिंत चाचपत, स्वतःच, पंचा उचलायला आत गेले.